कोकणच्या पावसात पीक-संरक्षणाची बंदूक : निवड, दस्ता आणि निगा

कोकणात भात निसवू लागले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो. एका रात्रीत कळप चोंढ्यातील उभे पीक लोळवून टाकतो. त्यामुळे डोंगरालगतच्या गावांतील अनेक शेतकरी पीक-संरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगतात. परंतु हे हत्यार नेमके भर पावसात वापरावे लागते. ओलाव्याने दस्ता फुगतो, नळी गंजते आणि ऐन वेळी बार उडत नाही किंवा अपघात होतो. त्या दृष्टीने पुढील माहिती उपयुक्त ठरेल.

प्रथम कायदा

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील संरक्षित प्राणी असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असल्यास कलम ११ नुसार प्राधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. त्यासाठी नजीकच्या वन कार्यालयात अर्ज करावा. असा आदेश हाती येण्यापूर्वी प्राण्यावर बार टाकू नये. शस्त्र परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची आहे. नूतनीकरण वेळेवर करावे.

बंदुकीची निवड

परवान्यात नमूद केलेल्या प्रकारचेच हत्यार घ्यावे. वाडी-वस्तीजवळील शेतीसाठी बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक सोयीची असते. तिचा उपयुक्त पल्ला साधारण ३० ते ३५ मीटर असतो. रायफलीची गोळी मात्र एक किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. त्यामुळे घरे, पाणंद किंवा गुरांची वाट जवळ असल्यास रायफल धोक्याची ठरते. ठासणीची बंदूक पावसाळ्यास गैरसोयीची असते, कारण तिची दारू आणि टोपी लवकर सर्दावते. काडतुसे कागदी आवरणाऐवजी प्लॅस्टिक आवरणाची घ्यावीत. कागदी काडतूस ओलाव्याने फुगून नळीत बसत नाही.

दस्ता लाकडी की कृत्रिम?

लाकूड ओलावा शोषते आणि आडवे फुगते, तर सुकताना आकसते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने दस्त्याच्या मानेला, म्हणजे जिथे लोखंडी भाग लाकडात बसतो तिथे, चिरा पडतात. रायफलीत फुगलेले लाकूड नळीवर दाब आणते व नेम सरकतो.

काचतंतू किंवा प्रबलित नायलॉनचा कृत्रिम दस्ता पाणी फारसे शोषत नसल्यामुळे आकार बदलत नाही. पण त्याच्याही दोन उणिवा आहेत. पहिली, हलक्या दस्त्यामुळे खांद्याला धक्का जास्त बसतो. दुसरी व महत्त्वाची, दस्ता गंजत नसला तरी आतील पोलाद गंजतेच. सांध्यात साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही. म्हणून कृत्रिम दस्ता म्हणजे निगेतून सुटका, असे समजू नये.

आहे तो लाकडी दस्ता चांगला असल्यास बदलण्याची गरज नाही. मागील पट्टीखालचे लाकडाचे उघडे टोक सर्वांत जास्त पाणी ओढते. तेथे मे महिन्यात वॉर्निशचे दोन हात द्यावेत. बाकी दस्त्यास उकळलेले जवसाचे तेल पातळ चोळावे. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात. दस्ता बदलणे वा दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

पावसाळ्यातील निगा

१. घरी येताच, किंबहुना घरात शिरण्यापूर्वीच, काडतुसे काढावीत व नळी रिकामी असल्याची खात्री करावी.

२. बंदूक कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर सुकवावी. चुलीवर किंवा निखाऱ्यांजवळ धरू नये. एकदम उष्णतेने लाकूड तडकते.

३. गजाने नळी साफ करून यंत्राचे पातळ तेल लावावे. खोबरेल वापरू नये, ते थंडीत गोठते व चाप जड होतो. ठासणीच्या बंदुकीतील काळ्या दारूची राख ओलावा खेचते. अशी नळी आधी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी.

४. नळीचा निळा-काळा मुलामा गंज थांबवीत नाही, तो फक्त तेल धरून ठेवतो. हाताच्या घामाचे ठसेही पुसावेत.

५. चामडी किंवा कापडी पिशवीत बंदूक साठवू नये. कोरड्या जागी, कुलपात आणि काडतुसांपासून वेगळी ठेवावी.

६. वापरापूर्वी नळीतील जादा तेल पुसावे. बांधावर पाय घसरून नळीत चिखल गेल्यास प्रथम काडतूस काढावे, मग नळी साफ करावी. तुंबलेल्या नळीतून बार टाकल्यास नळी फुटून हात जाण्याचा धोका असतो.

सावधानता

रानात हालचाल दिसली म्हणजे डुक्करच असेल असे नाही. शेजारच्या मळ्यात राखणीला आलेला माणूसही असू शकतो. विजेरीच्या उजेडात प्राणी पूर्ण ओळखल्याखेरीज चापावर बोट नेऊ नये. इरल्याखाली भरलेली बंदूक घेऊन बांध ओलांडू नये.

सारांश, दस्ता लाकडी असो वा कृत्रिम, कोरडी नळी, लेखी परवानगी आणि ओळखलेले लक्ष्य या तीन गोष्टी सांभाळल्यास पीकही राखता येईल व माणूसही.