घरच्या संगणकावर प्लगइन कां बसत नाहीं?

विद्यार्थी मित्रहो, आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंमुली व त्यांचे पालक यांजकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. घरीं संगणक आहे, इंटरनेटही आहे; परंतु अमुक एक प्लगइन बसवूं गेलें असतां तें बसत नाहीं, किंवा बसलें तरी चालत नाहीं; तर काय करावें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. तथापि २०२५ सालापासून इयत्ता अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, शेताचा सातबारा हीं कामेंही आतां त्याच मार्गानें होतात. भोरच्या पेठेंतील कुटुंब असो कीं वेल्ह्याच्या डोंगराळ खोऱ्यांतील, संगणक अडला म्हणजे काम अडतें, मुदत जवळ येते, आणि मनुष्य अधीर होऊन भलत्याच ठिकाणीं बोट ठेवतो. खरा धोका तेथें आहे. म्हणून या विषयाचा कांहींसा पद्धतशीर विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें आपणांस दाखविणारा प्रोग्राम. क्रोम, फायरफॉक्स, एज हीं त्यांचीं परिचित नांवें होत. ब्राउझरला मुळांत येत नसलेलें एखादें काम यावें म्हणून जो छोटा प्रोग्राम त्यास जोडतात, त्याला लोक सरसकट प्लगइन म्हणतात. परंतु यांत दोन जाती आहेत. जुन्या जातीचें प्लगइन हें संगणकांत स्वतंत्रपणें बसविलें जाई व ब्राउझर गरजेप्रमाणें त्यास हांक मारी. फ्लॅश आणि जावा हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें होत. नव्या जातीस एक्स्टेन्शन म्हणतात. तें ब्राउझरच्या आंतच राहतें, आणि ब्राउझर तयार करणाऱ्या संस्थेच्या भांडारांतूनच तें सामान्यतः घ्यावयाचें असतें.

हा भेद ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ श्रम वायां जातात. जुन्या जातीचीं प्लगइनें संगणकाच्या सुरक्षिततेस घातक ठरूं लागलीं, कारण त्यांच्या दोषांतून परक्यास आंत शिरण्यास वाट मिळे. शिवाय चित्र, ध्वनि व हालचाल दाखविण्याचें त्यांचें काम ब्राउझर स्वतःच करूं लागला. म्हणून क्रोमनें सप्टेंबर २०१५ मध्यें जुन्या प्लगइनांचा आधार काढून टाकला. मार्च २०१७ मध्यें फायरफॉक्सनेंही फ्लॅशखेरीज इतर सर्वांस दार बंद केलें. पुढें ३१ डिसेंबर २०२० रोजीं खुद्द अडोबी कंपनीनें फ्लॅशचा आधार संपविला व १२ जानेवारी २०२१ पासून त्यांत कांहींही चालूं नये अशी व्यवस्था केली. १५ जून २०२२ रोजीं इंटरनेट एक्सप्लोररचाही आधार मायक्रोसॉफ्टनें थांबविला. तेव्हां एखाद्या जुन्या पानावर ‘फ्लॅश बसवा’ असें लिहिलेलें आढळलें, तर आपला संगणक बिघडलेला नसून तें पानच कालबाह्य झालेलें आहे असें समजावें.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस याचें एक चांगलें उदाहरण देतां येईल. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनीं २००२ सालीं ‘फेट’ नांवाचा उपक्रम सुरू केला. विद्युत्मंडल, लंबक, अणूची रचना इत्यादींचे प्रयोग त्यांत संगणकाच्या पडद्यावर करून पाहतां येतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ प्रयोग मराठींतही उपलब्ध आहेत. आरंभीं हे प्रयोग जावा व फ्लॅश यांवर चालत. पुढें त्यांतील बहुतेक महत्त्वाचे प्रयोग नव्या पद्धतीनें पुन्हां रचले गेले, व ते आतां कोणतेंही प्लगइन न बसवितां ब्राउझरमध्यें उघडतात. यावरून पहिला नियम निघतो तो असा: एखादें प्लगइन बसविण्यापूर्वीं त्याची गरज खरोखर आहे काय, हें पाहावें. मराठी टंकलेखनासाठींही अनेकजण प्लगइन शोधीत बसतात. परंतु विंडोज १० मध्यें २०१९ सालापासून मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक अंगभूत आहे, तो केवळ सुरू करावा लागतो.

आतां गरज आहे असें ठरलें, आणि तरीही तें बसत नाहीं, असें समजूं. आपल्या भागांतील मुलांस नीरेचे कालवे ठाऊक आहेत. भाटघरच्या धरणांत पाणी आहे आणि शेवटच्या शेतास तें पोंचत नाहीं, अशा वेळीं शहाणा मनुष्य धरणास दोष देत नाहीं, कीं शेतांत नवी विहीर खणावयास लागत नाहीं. तो कालव्याच्या कडेनें चालत जातो आणि पाणी कोठें अडलें तें पाहतो. आपणही तसेंच करावें.

पहिली पायरी, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः वाचावा व वहींत उतरून घ्यावा. पुष्कळ मुलें संदेश येतांच तो मिटवून टाकतात. वैद्यास रोगाचें लक्षण न सांगतां औषध मागण्यासारखेंच हें आहे. ‘डाउनलोड खंडित झालें’, ‘ही आवृत्ति जुळत नाहीं’, ‘व्यवस्थापकानें मनाई केली आहे’ हे तीन निरनिराळे रोग आहेत व त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

दुसरी पायरी, संगणकाचा दिनांक पाहावा. हें वाचून कोणास हंसूं येईल; परंतु जुन्या संगणकांत हें कारण वारंवार आढळतें. संगणक बंद असतां घड्याळ चालूं ठेवणारी नाण्याएवढी एक बॅटरी आंत असते. ती संपली कीं वीज जातांच दिनांक कित्येक वर्षें मागें जातो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचें प्रमाणपत्र ठराविक मुदतीचें असतें. आपला संगणक भूतकाळांत असल्यास त्यास तें प्रमाणपत्र खोटें वाटतें व भांडाराचें दारच उघडत नाहीं. वेल्हे तालुक्यांत, ज्याचें नांव राजगड करण्यास २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली, एका विद्यार्थ्यानें याच कारणासाठीं ब्राउझर तीन वेळां काढून पुन्हां बसविल्याचें आम्हांस ठाऊक आहे. शेवटीं त्याच्या धाकट्या बहिणीचें लक्ष पडद्याच्या कोपऱ्यांतील सालाकडे गेलें, आणि दुकानांतून आणलेल्या एका लहानशा बॅटरीनें काम झालें.

तिसरी पायरी, ब्राउझर व विंडोज यांच्या आवृत्त्या पाहाव्या. घरोघरीं अद्याप विंडोज ७ असलेले संगणक दिसतात. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला, आणि क्रोमची १०९ ही आवृत्ति त्यावर चालणारी शेवटची होय. नवीं एक्स्टेन्शनें त्यावर बसलीं नाहींत तर नवल नाहीं. उलट, ब्राउझर नवा व एक्स्टेन्शन जुनें असेंही घडतें. क्रोमनें जुन्या रचनेचीं एक्स्टेन्शनें २०२४ सालापासून क्रमाक्रमानें बंद केलीं. काल चालत होतें तें आज बंद पडण्याचें हेंही एक कारण आहे. अशा वेळीं त्याच कामाचें नव्या रचनेचें एक्स्टेन्शन शोधावें.

चौथी पायरी, जोडणी व जागा तपासावी. पावसाळ्यांत डोंगराआडच्या गांवीं मोबाइलचा सिग्नल मध्येंच तुटतो, आणि अर्धवट उतरलेली फाइल बसविण्यास निरुपयोगी असते. ती काढून टाकावी, ब्राउझरची सांठवण रिकामी करावी, व सिग्नल स्थिर असेल तेव्हां पुन्हां प्रयत्न करावा. डिस्कवर मोकळी जागा आहे कीं नाहीं हेंही पाहावें.

पांचवी पायरी, आपण कोणत्या खात्यानें आंत आलों तें पाहावें. पाहुण्याच्या खात्यांत एक्स्टेन्शन बसत नाहीं. मुलांसाठीं देखरेखीचें खातें केलें असल्यास आईवडिलांची अनुमति लागते. एखाद्या संस्थेकडून मिळालेल्या संगणकावर त्या संस्थेचा निर्बंध असूं शकतो. तो मोडण्याची खटपट न करतां तेथील जबाबदार व्यक्तीस विचारावें. आणि हा प्रयत्न मोबाइलवर चालला असेल तर हें ध्यानांत ठेवावें कीं, अँड्रॉइड फोनवरील क्रोम एक्स्टेन्शन मुळींच घेत नाहीं.

सहावी पायरी, तें खरोखर बसलें नाहीं काय, हें पाहावें. क्रोममध्यें बसविलेलीं एक्स्टेन्शनें कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागें लपलेलीं असतात, आणि गुप्त खिडकींत तीं आपोआप चालत नाहींत. उघडें असलेलें पान एकदां पुन्हां उघडावें लागतें. तेवढ्यानेंच कित्येकांचें काम होतें.

सातवी पायरी, आपसांतील भांडण शोधावें. जाहिराती अडविणारें एक्स्टेन्शन कधीं कधीं अर्जाची पावती दाखविणारी खिडकीही अडवितें. प्रथम सर्व एक्स्टेन्शनें बंद करावीं. अडचण दूर झाली तर दोष त्यांच्यांतच आहे. समजा तीं आठ आहेत. एकेक तपासण्याऐवजीं चार सुरू करून पाहावीं. अडचण परतली तर दोषी त्या चारांत, नाहीं तर उरलेल्या चारांत. पुन्हां अर्धे करावे. दोषी एकच असेल तर तीन फेऱ्यांत तो सांपडतो. गणिताचा असा उपयोग घरांत होतो.

या सर्व पायऱ्यांस एक नियम सारखाच लागू आहे: एका वेळीं एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. एकदम पांच गोष्टी बदलल्या तर काम झालें तरी कशानें झालें तें कळत नाहीं, आणि काम बिघडलें तर मागें जाण्याची वाट राहत नाहीं.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. प्लगइन न बसणें ही अडचण आहे. भलतेंच प्लगइन बसणें ही आपत्ति आहे. ‘तुमचें फ्लॅश जुनें झालें आहे, येथें दाबा’ असें सांगणाऱ्या खोट्या खिडक्यांनीं जगभर असंख्य संगणकांत उपद्रवी प्रोग्राम शिरले आहेत. आतां फ्लॅशच अस्तित्वांत नसल्यानें असें आमंत्रण निखालस फसवें समजावें. एक्स्टेन्शन बसवितांना तें कोणती परवानगी मागतें तें वाचावें. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणें व बदलणें’ अशी परवानगी देणें म्हणजे बँकेच्या पानावर तुम्ही जें लिहाल तेंही पाहण्याची मुभा देणें होय. केवळ पानाचा रंग बदलणाऱ्या एक्स्टेन्शनवर एवढा विश्वास कां टाकावा? अनोळखी माणसानें फोनवर सांगितलें म्हणून कांहींही बसवूं नये, आणि मुदतीच्या रात्रीं तर नाहींच. पैशाच्या बाबतींत फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व आपल्या बँकेसही सांगावें. मुलानें चूक सांगितली तर त्यास रागें भरूं नये. रागाच्या भयानें लपविलेला एक तास पुष्कळ महाग पडतो.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राशीं झगडतांना लागणारे गुण कांहीं निराळे नाहींत. नीट वाचणें, क्रमानें शोधणें, धीर धरणें आणि अनोळखी मदतीची पारख करणें हे ते होत. ते अंगीं बाणले म्हणजे आजचें प्लगइन उद्यां कालबाह्य झालें तरी तुमचें शिक्षण कालबाह्य होणार नाहीं.

अभ्यास

१. जुनें प्लगइन व एक्स्टेन्शन यांतील भेद सांगा.
२. सोळा एक्स्टेन्शनांपैकीं एकच सदोष असल्यास अर्ध्याअर्ध्याच्या पद्धतीनें तें किती फेऱ्यांत सांपडेल?
३. संगणकाचा दिनांक चुकल्यास सुरक्षित संकेतस्थळ कां उघडत नाहीं?
४. आपल्या घरच्या ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांची यादी करा. प्रत्येकापुढें तें कोणीं व कशासाठीं बसविलें, आणि त्यास कोणती परवानगी दिली आहे, तें लिहा. ज्याचें उत्तर देतां येत नाहीं तें पालकांस दाखवून काढून टाका.