आधी वाडीला पाणी

वसई

चि. बाळ,


रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आत्या, रात्री दोन वाजता एक मुलगी माझ्यापुढे रडत होती. तिला सोडून संख्याशास्त्राचं पुस्तक कसं उघडू?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सावकाश लिहिते आहे.

त्या रात्री तू तिच्याजवळ बसलीस ते योग्यच केलंस. मला खटकतं ते वेगळंच. या सत्रात मुलींसाठी तू घेतलेली ही चौथी तपसाधना (रिट्रीट), आणि पाचवीलाही तू हो म्हणून मोकळी झालीस. शुक्रवार ते रविवार बाहेर, त्याआधीचे दोन आठवडे साक्ष लिहिण्यात आणि बैठकांत, आणि सोमवारी डोळे उघडत नाहीत. तिथल्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. ते तू पाळतेस. पण त्या मुलींचं ऐकलेलं नंतर मनात घोळत राहतं, त्याचे तास कुठल्याच कागदावर चढत नाहीत.

ज्यांच्या येशूसंघाच्या विद्यापीठात तू शिकतेस, त्या संत इग्नेशियसची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण हा भाग बहुधा कोणी सांगितला नसेल. तिशी उलटल्यावर ते बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसले. पाठांतराला बसलं की नेमके तेव्हाच अध्यात्माचे नवे नवे अर्थ उमगायचे आणि व्याकरण बाजूला पडायचं. मिस्सेत किंवा प्रार्थनेत असं होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. हा मोह आहे असं त्यांनी ठरवलं, गुरुजींना गाठलं आणि दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही असा शब्द दिला. पुढे अल्काला, सालामांकात उपदेश आणि चौकश्या यांत शिक्षण विस्कटलं, तेव्हा १५२८ मध्ये पॅरिसला जाऊन ते पोरांबरोबर पुन्हा व्याकरणापासून शिकले. संघाची घटना लिहिताना शिकणाऱ्यांच्या प्रार्थनेचा वेळसुद्धा त्यांनी बेताचाच ठेवला.

पॅरिसमध्येच फ्रान्सिस झेवियर त्यांच्या खोलीत राहत होते. आपण गोव्याला बॉम जीझसमध्ये ज्यांचं दर्शन घेतलं, तेच. झेवियरनी तपसाधना केली ती १५३४ मध्ये, एकत्र राहायला लागून पाचेक वर्षांनी. इग्नेशियसनी तेवढी वाट पाहिली. तुझ्या मुलींपैकी कोणी पुढच्या वर्षीपर्यंत थांबली तर ती हातची जाणार नाही.

आता माझं. एम.ए.ला असताना मीही शिबिरांमागे धावले आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. देवाचं काम करते म्हटल्यावर मला कोण अडवणार? उलट कौतुकच झालं. खरं कारण मला फार उशिरा कळलं. प्रबंधाची मला भीती वाटत होती, आणि शिबिरात सगळ्यांना मी हवी होते. तुझंही असंच आहे असं मी म्हणत नाही. पण एकदा प्रार्थनेत स्वतःला विचारून बघ.

सेवा सोडू नकोस. सत्रात एकच तपसाधना घे, तीही परीक्षेपासून लांबची. दुसरी आलीच तर तीत एखाद्या धाकट्या मुलीला पुढे कर आणि तू मागे बस. तिलाही शिकायला मिळेल. तपसाधनेनंतरच्या सोमवारी तास किंवा सादरीकरण असेल, तर मार्गदर्शकांना आधीच सांगून ठेव. आणि ज्यांना रजा मिळत नाही त्यांच्यासाठी इग्नेशियसनीच वाट करून ठेवली आहे: रोज दीडेक तास काढून घरीच करायची साधना. तुझ्यासारख्या संशोधन करणाऱ्यांना ती जास्त सोयीची. तुमच्या विद्यापीठातल्या फादरांना विचार.

तुझे आजोबा सणाच्या दिवशीही पहाटे केळीच्या वाडीला पाणी सोडूनच मिस्सेला निघायचे. फादर वाट बघतील म्हणून आजी करवादायची, पण ते ऐकायचे नाहीत. केळ वाट बघत नाही, म्हणायचे.

पाचव्या तपसाधनेचं फादरांशी याच आठवड्यात बोल. काय म्हणाले ते शनिवारी सांग. सुकेळी पाठवली आहेत, त्या मुलीलाही दे.

तुझी,
आत्या