न्युए : मुक्त सहयोगातील स्वशासन

जागतिक भूगोल व आंतरराष्ट्रीय संबंध यांचा अभ्यास करताना लहान बेटराष्ट्रांकडे विद्यार्थ्यांचे सहसा दुर्लक्ष होते. वसाहतीचा शेवट म्हणजे केवळ पूर्ण स्वातंत्र्यच असते का, या प्रश्नाच्या दृष्टीने न्युए हे बेट अभ्यासण्याजोगे आहे.

स्थान व भूरचना

दक्षिण प्रशांत महासागरात, टोंगाच्या पूर्वेस व न्यूझीलंडच्या ईशान्येस सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावर हे पॉलिनेशियन बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर असून राजधानी अलोफी आहे. उंचावल्या गेलेल्या जगातील सर्वांत मोठ्या प्रवाळ बेटांपैकी हे एक होय. चुनखडी सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी जमिनीत मुरते. त्यामुळे येथे नद्या नाहीत. अळूच्या वर्गातील तारो हे प्रमुख पीक आहे.

घटनात्मक दर्जा

१७७४ मध्ये जेम्स कुक येथे आला. रहिवाशांनी विरोध केल्याने त्याने बेटाला ‘रानटी बेट’ असे नाव दिले. १९०० मध्ये न्युए ब्रिटिश संरक्षणाखाली आले व १९०१ मध्ये न्यूझीलंडला जोडले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १९६० च्या १५४१ क्रमांकाच्या ठरावात स्वशासनाचे तीन मार्ग सांगितले आहेत : स्वातंत्र्य, मुक्त सहयोग आणि दुसऱ्या राष्ट्रात विलीनीकरण. सार्वमतानंतर न्युएने १९ ऑक्टोबर १९७४ रोजी दुसरा मार्ग स्वीकारला. रॉबर्ट रेक्स पहिले प्रीमियर झाले. विधानसभेत २० सदस्य असून त्यांपैकी १४ खेड्यांचे प्रतिनिधी असतात, तर ६ सामायिक मतदारयादीतून निवडले जातात. कायदे करण्याचा अधिकार या सभेकडे आहे. संरक्षण व परराष्ट्र व्यवहारांत न्यूझीलंड साहाय्य करते. मात्र न्युए स्वतः करार करू शकते. युनेस्को व जागतिक आरोग्य संघटना यांचे ते सदस्य आहे. संयुक्त राष्ट्रांचे नाही.

येथे भारतीय राज्यघटनेतील एक तुलना उपयुक्त ठरेल. १९७४ च्याच ३५ व्या घटनादुरुस्तीने सिक्कीमला ‘सहयोगी राज्य’ असा दर्जा देण्यात आला; १९७५ च्या ३६ व्या दुरुस्तीने ते भारताचे पूर्ण राज्य झाले. सिक्कीममध्ये सहयोग ही विलीनीकरणापूर्वीची अल्पकालीन पायरी ठरली; न्युएत ती स्थायी व्यवस्था झाली.

स्थलांतराची समस्या

न्युएच्या रहिवाशांना न्यूझीलंडचे नागरिकत्व आहे. हे या व्यवस्थेचे बळ आणि दुखणेही होय. १९६६ मध्ये लोकसंख्या ५,१९४ होती. आता ती सुमारे १,७०० आहे. बंगळूरच्या कोरमंगला भागातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलातही याहून अधिक लोक राहत असतील. याउलट न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत न्युए वंशाचे ३० हजारांहून अधिक लोक नोंदले गेले. विमानतळ झाल्यानंतर शिक्षण व रोजगारासाठी होणारे स्थलांतर वाढले. जानेवारी २००४ च्या ‘हेटा’ चक्रीवादळात रुग्णालयासह मोठी हानी झाली. माणसेच उरली नाहीत, तर शाळा, शेती आणि न्युए भाषा कोण टिकवणार, हा तेथील खरा प्रश्न आहे.

अर्थव्यवस्था व परराष्ट्र संबंध

न्यूझीलंडचे अर्थसाहाय्य, मासेमारीचे परवाने व पर्यटन हे उत्पन्नाचे आधार आहेत. भूमी लहान असली तरी सागरी क्षेत्र सुमारे ३ लाख १७ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यातील ४० टक्के भागात मासेमारीस मनाई आहे.

भारताने २०१२ मध्ये न्युएशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. २०१४ मध्ये सुवा येथे सुरू झालेल्या भारत-प्रशांत द्वीपसहकार्य मंचातील १४ देशांत न्युएचा समावेश आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये न्युएला सार्वभौम राष्ट्र म्हणून मान्यता दिली.

समारोप

स्वशासनाचा दर्जा कायद्याने मिळतो. परंतु तो टिकण्यासाठी त्या भूमीवर राहू इच्छिणारे नागरिक लागतात. कुक बेटे (१९६५) हेही न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात आहेत, तर टोकेलाऊने २००६ व २००७ च्या सार्वमतांत आवश्यक दोन-तृतीयांश मतांअभावी हा दर्जा स्वीकारला नाही. या तिन्हींचा तुलनात्मक अभ्यास विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.