निवासी घरांचे ऊर्जा-तारांकन : नरोलीच्या संदर्भात काही विचार

वातानुकूलक वा शीतकपाट खरेदी करताना त्यावरील तारे मोजण्याची सवय आता सर्वांस झाली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ही योजना मे २००६ मध्ये सुरू केली. मात्र ज्या घरात ही उपकरणे चालतात, ते घर स्वतः किती उष्णता आत घेते याची मोजणी बरीच उशिरा आली. १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध झाली व २०१९ मध्ये घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांची ऐच्छिक योजना जाहीर करण्यात आली. प्रस्तुत लेखात या मोजणीचे स्वरूप नरोली गाव समोर ठेवून पाहावयाचे आहे.

सिल्वासाहून दमणगंगा ओलांडली की भिलाडच्या रस्त्यावर नरोली लागते. २०११ च्या जनगणनेत तिची नोंद जनगणना-नगर अशी आहे. एकीकडे कुडाच्या भिंतींची कौलारू घरे, दुसरीकडे कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी भाड्याने दिलेल्या खोल्या व अलीकडच्या बहुमजली इमारती, असे या परिसरातील वस्तीचे मिश्र रूप आहे. हवा उष्ण व दमट असते आणि पावसाळा जोरदार असतो.

संहितेचा मुख्य निकष म्हणजे भिंती व खिडक्या यांतून आत येणारी सरासरी उष्णता. ती दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. उष्ण-दमट विभागासाठी तीन सहगुणक दिलेले आहेत : भिंतीतून होणाऱ्या वहनासाठी ५.१५, काचेतून होणाऱ्या वहनासाठी १.३१ आणि काचेतून शिरणाऱ्या उन्हासाठी ६५.२१. उदाहरणादाखल १०० चौ. मी. बाह्य पृष्ठभाग घेऊ. त्यात ८५ चौ. मी. विटांची भिंत (वहनांक २.०) व १५ चौ. मी. साधी काच (वहनांक ५.८, ऊन शिरण्याचे प्रमाण ०.८) आहे असे मानू, आणि दिशेचा गुणक सोयीसाठी १ धरू. भिंतीचे ८.७६, काचेतील वहनाचे १.१४ व उन्हाचे ७.८२, मिळून १७.७२ होतात. अर्थात घर निकषात बसत नाही. खिडकीवर छज्जा बांधून ०.८ चे ०.६ केले, तर बेरीज १५.७६ वर येते. छज्जा न बांधता विटांऐवजी ०.८ वहनांकाचे हलके एएसी ब्लॉक वापरले, तर ती १२.४७ होते. दोन्ही केल्यास साडेदहा.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या हिशेबात काच पृष्ठभागाच्या सातव्या हिश्श्याहून थोडीच अधिक आहे, तरी तिची उष्णता भिंतीच्या बरोबरीस येते. दिशेचा गुणक लावल्यास पूर्व-पश्चिमेच्या काचेचा भार आणखी वाढतो व उत्तरेच्या काचेचा कमी होतो.

खिडकीसंबंधी दुसरी अट वायुवीजनाची आहे. उष्ण-दमट विभागात उघडणारे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असावे. १२ चौ. मी. च्या खोलीस २ चौ. मी. उघडी जागा हवी. सरकत्या तावदानांची खिडकी निम्मीच उघडते, म्हणून तेवढ्यासाठी ४ चौ. मी. खिडकी बसवावी लागेल, आणि काच वाढली की ऊनही वाढणार. जुन्या पद्धतीची बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते. सरकत्या खिडकीच्या आजच्या हौसेपायी आपण एक चांगली सोय टाकून दिली, असे म्हणावेसे वाटते.

आता छताकडे वळू. वर सांगितलेल्या १५ वॅटच्या हिशेबात छत येत नाही. त्यासाठी वहनांक १.२ पेक्षा अधिक नसावा अशी स्वतंत्र अट आहे. साध्या काँक्रीट स्लॅबचा वहनांक तीनहून अधिक असतो, म्हणून उष्णतारोधक थराशिवाय ही अट पुरी होत नाही. नरोली सुमारे २०.३ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य तेथे माथ्यावर येतो. सात मजली इमारतीत त्या उन्हाचा ताप वरच्या मजल्यास होतो. एकमजली चाळीत मात्र प्रत्येक खोली वरच्या मजल्याचीच असते. पत्र्याखालच्या खोलीचे तर विचारूच नये.

अडचण नेमकी येथेच आहे. २०१८ ची संहिता ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांसाठी लिहिलेली होती. २०२२ च्या सुधारित ऊर्जा संवर्धन कायद्याने निवासी इमारती कक्षेत आणल्या, परंतु त्याही १०० किलोवॅट जोडभाराच्या वा १२० केव्हीए करार-मागणीच्या. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांस आहे. भाड्याच्या चार खोल्या बांधणारा घरमालक तोवर या चौकटीबाहेर राहतो. उष्णतारोधक थराचा खर्च त्याने करावयाचा आणि पंख्याचे वीजबिल भाडेकरूने भरावयाचे, अशी वाटणी असल्याने तो थर घालण्याची त्यास निकडही भासत नाही.

गच्चीस पांढरा चुना देणे किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवणे हा स्वस्त उपाय आहे. त्याने वहनांक फारसा बदलत नाही, परंतु ऊन परतवले जाते व छत कमी तापते. चुना पावसाने धुपतो, तेव्हा पावसाळा सरल्यावर, उन्हाळ्यापूर्वी, तो पुन्हा द्यावा लागतो. लहान घरांच्या बांधकाम परवान्याच्या अर्जात छताचा थर, खिडकीचे उघडणारे क्षेत्र आणि पश्चिमेकडील छज्जा या तीन नोंदी मागवल्या, तर त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. गवंड्याच्या मोजपट्टीने व नकाशावरून त्या तपासता येतात.