कच्च्या टेंभराची चव

1. तिकडची स्वस्त बाटली इकडे स्वस्त राहत नाही. फ्रान्सात पाच-सहा युरोंना मिळणारी कोत द्यु रोन ही लाल वाइन मी नागपुरात अठराशे रुपयांना घेतली. फ्रेंच वाइनवर तेव्हा आयात शुल्कच 150 टक्के होतं. तेवढ्यात नाशिकच्या दोन चांगल्या बाटल्या आल्या असत्या. म्हणून आमच्याकडे ही हौस वर्षातून दोनदाच.

2. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात, ते घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या घुग्घुसचं नव्हे. तिकडचं घर 16 ते 18 अंशांचं. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि रात्रीही भिंतीला हात लाववत नाही. पहिली बाटली मी कपाटात साड्यांमागे ठेवली, तिथे अंधार असतो म्हणून. जूनमध्ये काढली तर बूच नखभर वर आलेलं, मानेवर चिकट काळपट ओघळ. चव आटवलेल्या जांभूळरसाची, मेलेली. फार वाईट वाटलं. आता बाटली आली की थेट फ्रीजमध्ये. लाल असेल तर वीस मिनिटं आधी बाहेर काढतो.

3. चवीचे शब्द आपल्याच जंगलात असतात. लेबलवर ‘ब्लॅक करंट’ होतं. ते फळ मी कधी खाल्लेलं नाही, तरी तीन घोट तेच शोधण्यात घालवले. बायकोनं एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाली, ‘‘हे तं कच्च्या टेंभरावानी लागते.’’ अगदी तसंच! जीभ खरखरीत होते, गाल आतून आखडतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, कच्च्या टेंभरातही असतं. त्या दिवसापासून वहीत आमचेच शब्द आहेत: टेंभूर, जांभूळ, मिरी, पहिल्या पावसाची माती.

4. कोत द्यु रोनच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव नव्हतं, मुलखाचं होतं. त्यात मुख्यतः ग्रनाश जातीचं द्राक्ष असतं, हे मला शोधून काढावं लागलं. मुलखाचं नाव कोणी लावायचं, याचे नियम फ्रान्सनं 1935 पासून बांधले आहेत. नागपुरी संत्र्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन त्याच वाटेवरचं.

5. सावजी रश्श्याबरोबर लाल वाइन घेऊ नका. तिखट दुप्पट जाळतं आणि वाइन कडू लागते. वर्धा नदीची तळलेली मासोळी आणि गार, आंबटसर पांढरी मुस्काडे वाइन, हे मात्र जमलं.

6. हे सगळं मी चारचौघांत सांगत नाही. 2010 मध्ये दारूबंदीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या. 2015 ते 2021 जिल्ह्यात बंदी होती. ती उठली, पण त्या बाया कशासाठी चालल्या ते दुःख अजून वस्तीत आहे. ज्या घरात दारूनं चूल विझली, तिथे वाइनच्या चवीचं कौतुक सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोघं अर्धी बाटली घेतो आणि बूच लावतो. उरलेली फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते.