बोअरचे पाणी आणि काचेतील तळे

काचेच्या टाकीत हिरव्या वनस्पतींसह मासे पाळण्याची हौस अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहराजवळच्या भिंगारमध्ये ज्याला मनापासून करावयाची असेल, त्याने दिव्यांच्या, दगडांच्या आणि रंगीत माशांच्या मोहात पडण्यापूर्वी आपल्या घरच्या पाण्याचा स्वभाव ओळखावा, हे सांगण्यासाठीच हा अनुभव मी लिहून ठेवीत आहे. टाकी उभी करणे हे एका सुटीच्या दिवसाचे काम. ती वर्षानुवर्षे निरोगी राखणे ही मात्र सर्वस्वी पाण्याची गोष्ट आहे. आमच्याकडचे बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. ज्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही आणि जे तापविल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरी खपली बसते, ते पाणी जड आहे हे सांगायला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज पडत नाही.

विक्रेत्याच्या शिफारशीने माझ्या टाकीत प्रथम आले ते निऑन टेट्रा. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील, कुजलेल्या पानांनी किंचित आम्ल झालेल्या मृदू पाण्यात ज्यांची जात वाढली, ते मासे आमच्या पाण्यात एकाएकी मेले नाहीत. त्यांचा निळा पट्टा फिकट होत गेला, अन्नावरची वासना उडाली आणि एकेक करून ते संपले. वनस्पतींचीही तीच कथा झाली. पिसाऱ्यासारखी काबोंबा देठाशी विरघळली, तर फितीसारख्या लांब पानांची वालिस्नेरिया त्याच पाण्यात जोमाने पसरली. फक्त तिच्या पानांवर बोटाला खरखरीत लागणारा पांढुरका थर दिसू लागला. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू संपला की वालिस्नेरिया बायकार्बोनेटमधून आपला कार्बन काढून घेते, आणि मागे उरलेला चुना तिच्याच पानावर बसतो. काबोंबाला ही विद्या अवगत नाही. म्हणून एकाच पाण्यात एकीची उपासमार होते आणि दुसरीची भरभराट.

खरा धोका मात्र उन्हाळ्यात लक्षात आला. नगरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. टाकीची पातळी भराभर उतरते आणि आपण सहजपणे बोअरचे पाणी ओतून ती भरून काढतो. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार सारे मागेच राहतात. त्यामुळे प्रत्येक भरतीबरोबर क्षारांची बाकी वाढतच जाते, आणि स्वच्छ दिसणारे पाणी पावसाळ्यापर्यंत नव्या माशाला मुळीच न मानवणारे होऊन बसते. यावरचा इलाज आकाशातूनच येतो. पहिल्या एक-दोन सरी वाहू देऊन धुतलेल्या गच्चीवरील पावसाचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे, वाफेने झालेली तूट त्याच पाण्याने भरावी, आणि टाकीवर काचेचे झाकण ठेवून ती तूटच कमी होईल अशी तजवीज करावी. आठवड्याला चौथाई पाणी बदलणे निराळे. ते घरच्याच पाण्याने करावे. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावा.

जड पाण्याचा सामू बहुधा ७ च्या वर असतो, ही गोष्ट नवी टाकी मांडणाऱ्याने विशेष ध्यानात धरावी. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया २५ अंश तापमानात व ७ सामूला शेकडा एकाहूनही कमी प्रमाणात घातक रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण शेकडा ५ च्या घरात जाते. म्हणून अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू वाळूत व स्पंजात स्थिरावेपर्यंत, म्हणजे सुमारे चार ते सहा आठवडे, टाकीत वनस्पतींचीच वस्ती ठेवावी आणि नंतर मासे थोडेथोडे सोडावेत. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये; टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळावा.

वनस्पती आणि जलचर यांचा मेळ ही काही आजची कल्पना नव्हे. १८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे आणि वालिस्नेरिया एकत्र ठेवण्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. गळणारी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या, त्यांनी तो कुजका पाला फस्त केला आणि समतोल साधला. त्यांचा तो प्रयोग आदरणीय खरा. तथापि सोनमासा मोठा होतो, मुळे उकरतो, पुष्कळ घाण करतो, तेव्हा लहान टाकीत त्याचे अनुकरण करू नये.

आमच्या पाण्याला मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य खाते ज्यांना हौदात सोडते ते गप्पी, हे मासे उत्तम मानवतात; शिवाय ते एकमेकांशी सलोख्याने राहतात. एंजल त्यांची पिले गिळतो, आणि काच साफ करील म्हणून आणलेला सकर फूटभर वाढतो. दोघांनाही दूर ठेवावे. तळाशी शेणखत न मिसळलेल्या पोयट्याचा बोटभर थर व त्यावर दोन इंच धुतलेली वाळू असावी. वालिस्नेरियाला एवढे पुरे. जावा फर्न व अनुबियास मात्र मातीत न पुरता दगडाला बांधावेत. संगमरवराचे तुकडे घालू नयेत, ते पाणी अधिकच जड करतात. आपला काळा दगड निर्धास्त वापरावा. दिवा सहा ते आठ तासच लावावा, नाहीतर शेवाळाचे राज्य होते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात माशांची गर्दी नसावी आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

भिंगारजवळचा फराहबाग हा निजामशाही महाल एकेकाळी तलावाच्या मधोमध उभा होता. आज महाल आहे, तलाव नाही. बांधणी कितीही भक्कम असली तरी साठविलेले पाणी रोजच्या बंदोबस्तावाचून टिकत नाही, आणि हा नियम तीन फुटी टाकीलाही तितकाच लागू आहे. तेव्हा काच विकत घेण्याआधी घरच्या पाण्याची जडता आणि सामू तपासून वहीत मांडावा, त्या दोन आकड्यांना मानवतील अशाच वनस्पती व मासे निवडावेत, आणि दर महिन्याला तीच तपासणी पुन्हा करावी. माशांसाठी पाणी बदलण्याचा अट्टहास क्वचितच तडीस जातो. पाण्याजोगे मासे निवडणारा माणूस मात्र त्यांची दुसरी-तिसरी पिढी आपल्याच टाकीत वाढलेली पाहतो.