काचेच्या टाकीतील सागरी शैवाल-उद्यान

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय म्हटले की रंगीबेरंगी मासे डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांचे आयुष्य अदृश्य जीवाणूंवर अवलंबून असते, आणि शैवालांची त्याला मोठी मदत होते. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साचत जाते. शैवाले तेच अन्न म्हणून शोषून घेतात. वाढलेले शैवाल कापून काढले, की साचलेले नायट्रेटही त्याबरोबर टाकीबाहेर जाते.

२०० लिटर पाण्यासाठी मत्स्यालयाकरिता मिळणारे सागरी मीठ सुमारे ७ किलो लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी क्षार पुरेसे नसतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास व तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घट नेहमी गोड्या पाण्याने भरून काढावी. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज मासे सोडू नयेत. यास कित्येक आठवडे लागू शकतात.

शैवालांना खरी मुळे नसतात. ती खडकाला केवळ धरून राहतात व सर्वांगाने पोषण घेतात. म्हणून त्यांना मातीपेक्षा खेळते पाणी व भरपूर प्रकाश हवा. सागरी गवत मात्र खऱ्या मुळांची सपुष्प वनस्पती असल्याने त्यास वाळूचा जाड थर लागतो. नवशिक्याने दोऱ्याच्या गुंत्यासारख्या किटोमॉर्फापासून प्रारंभ करावा. ते शेजारच्या छोट्या टाकीत ठेवून तेथे रात्री दिवा लावल्यास मुख्य टाकीतील पाण्याची आम्लता रात्री फारशी वाढत नाही.

कॉलर्पा हे शैवाल दिसण्यास मोहक, पण जोखमीचे आहे. त्याचा संपूर्ण विस्तार म्हणजे एकच प्रचंड पेशी असते. पुनरुत्पादनाच्या वेळी ती अल्पावधीत रिती होऊन पांढरी पडते, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे दगावू शकतात. याहून मोठा धोका टाकीबाहेरचा आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलियाची मत्स्यालयात वाढविलेली जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात आढळली व पुढे भूमध्य सागराच्या किनाऱ्यांवर पसरली. २००० मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडली. ताडपत्रीखाली क्लोरिन सोडून तिचा नायनाट करावा लागला. निर्मूलनाची घोषणा होण्यास २००६ साल उजाडले. लहानशा तुकड्यापासूनही नवे झाड वाढते, हे त्यामागील कारण.

म्हणून कापलेले शैवाल खाडीत, गटारात वा समुद्रात कधीही टाकू नये. कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावे. बदललेले पाणीही फडक्यातून गाळून घ्यावे. त्याचप्रमाणे किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, तो याच संपदेच्या रक्षणासाठी. घरातील छोटा समुद्र फुलविताना बाहेरच्या मोठ्या समुद्राची हानी होणार नाही, ही दक्षता प्रत्येक हौशी मत्स्यपालकाने घेतलीच पाहिजे.